जाऊबाई डोंगर चढल्या

गेल्या हिवाळ्यात जळगाव जामोदच्या आम्ही काही बायका, रोज पहाटे सोबत फिरायला जाणाऱ्या, सोनाळ्याकडच्या सातपुड्यातल्या एका लहान डोंगरावर गेलो. माझ्या मोठ्या जाऊबाईही आल्या होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या वर्षभर घराबाहेर फारशा पडल्याच नव्हत्या.

सागाच्या वाळल्या पानांवरून पाय घसरत होते. अर्ध्या वाटेवर जाऊबाई एका दगडावर टेकल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही जा वं, मी अठीच थांबतो."

पुढे कोणीच गेलं नाही. सगळ्यांनी तिथंच डबे उघडले. भाकरी आणि ठेचा खाता खाता गप्पा अशा रंगल्या, की वर जायचं आम्हीच विसरलो. मग जाऊबाईच उठल्या. "चला ना वं, काऊन बसून राह्यल्या?" म्हणत त्यांनी माझा खांदा धरला. आम्ही त्यांच्या चालीनं चढलो.

वर पोचल्यावर खाली हरभऱ्याची हिरवी शेतं दिसली. बसा म्हटलं तरी जाऊबाई बसेनात. पलीकडच्या उंच डोंगराकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "त्याच्यावर जायाले वाट हाय काय?"

कोणालाच ठाऊक नव्हतं. उतरल्यावर गावात त्यांनीच चौकशी केली.