दोन मिनिटं बोलण्यासाठी झरी जामणीपर्यंत

गोव्याचा समुद्र मी आजवर पाहिलेला नाही. तरी त्या समुद्रावर मी दोन मिनिटं न अडखळता इंग्रजीत बोलायचे. 'दि बीच वॉज ब्रेथटेकिंग' इथून सुरुवात आणि सूर्यास्तावर शेवट. क्लासच्या नोट्समध्ये ते उत्तर होतं आणि आमच्या अख्ख्या बॅचला ते पाठ होतं. गेल्या नोव्हेंबरात नागपूरला परीक्षेच्या खोलीत परीक्षक बाईंनी कार्ड पुढे सरकवलं, 'पाण्याजवळच्या एखाद्या ठिकाणाबद्दल सांगा,' आणि मला आकाश ठेंगणं झालं. धडाधड बोलले. मग बाईंनी सहज विचारलं, तुमच्यासोबत कोण होतं? तिथे खाल्लं काय? न गेलेल्या सहलीत मी काय खाल्लं, हे नोट्सवाल्याने लिहिलंच नव्हतं.

अर्ध्या गुणाने परीक्षा गेली.

मी पुसदच्या एका दवाखान्यात नर्स आहे. आयर्लंडला नोकरीसाठी जायचं ठरवलंय आणि मध्ये आडवी आहे ती ही बोलण्याची परीक्षा. कार्डावर एक विषय, विचाराला एक मिनिट, बोलायला दोन. लिहिणं, वाचणं, ऐकणं सगळं जमतं. बोलताना मात्र पाठ केलेल्याच्या पुढे शब्द सुचत नाही. घरात मी आणि आई, दोघीच. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आई अंगणवाडी सेविका होती, आता निवृत्त आहे, आणि गोव्याची गोष्ट ऐकून तिने कपाळाला हात लावला.

"तू गोव्याले कधी गेलती?"

"नाही गेली."

"मंग सांगतलं काहून? चार दिवसाची सुट्टी टाक. आपण आपलाच जिल्हा पाहून येऊ. जे पाहशीन ते मले इंग्रजीत सांगजो, दोन मिनिटं."

"तुले काय समजणार आहे, आई?"

"इतके वर्षं पोरायचं ऐकलं मी. कोणतं पोरगं पाठ म्हणते अन् कोणतं मनातलं सांगते, हे मले भाषेवाचून समजते."

अशी आमची सहल ठरली. फेब्रुवारीचे शेवटचे दिवस, दोन पिशव्या, आणि परीक्षेला पाच आठवडे.

पुसदहून सकाळच्या बसने यवतमाळ गाठायला तीन तास धरून चाला, दिग्रसमार्गे. बायकांना एसटीचं अर्धं तिकीट, त्यामुळे आईचा चेहरा निघतानाच खुलला होता. खिडकीची जागा तिने मला दिली. या रस्त्याने मी शंभरदा गेले असेन, पण नेहमी मोबाईलमध्ये डोकं घालून. या वेळी ठरवलं होतं की जे दिसेल त्याला मनात इंग्रजी नाव द्यायचं. पहिल्या अर्ध्या तासात माझं इंग्रजी संपलं. हरभऱ्याला शब्द होता, पण हरभरा कापून झाल्यावर शेताला जो उघडा, गोड वास येतो त्याला नव्हता. पळस फुलला होता. पान एकही नाही आणि झाड नुसतं केशरी. बाजूच्या काकू कुणाला तरी फोनवर सांगत होत्या, "गाडीत हावो मी, आवाज येऊन नाही राह्यला." तेही मी मनातल्या मनात इंग्रजीत करून पाहिलं आणि त्यातच डुलकी लागली.

यवतमाळात स्टँडजवळ तर्री पोहे खाल्ले. तर्री, म्हणजे वरचा झणझणीत रस्सा, जपून मागा, डोळ्यांतून पाणी काढते. टपरीच्या बाकावरच आईने फर्मान काढलं, "कर सुरू." मी स्टँडबद्दल बोलू लागले. इट इज अ बसलिंग प्लेस, पीपल फ्रॉम ऑल वॉक्स ऑफ लाइफ वगैरे. आई माझ्या तोंडाकडे पाहत बसली. पोहेवाल्याने हातातला झारा थांबवून मान डोलावली, मला वाटलं जिंकले.

"पाठ आहे," आई म्हणाली. "छपराकडं पाहून बोलून राह्यली तू. पोरगं पाठ केलेलं आठवून सांगते तवा वर पाहते."

पोहेवाला म्हणाला, "पण बोलल्या तं फर्राट नं, मावशी."

"फर्राटच नको ना बाप्पा," आई म्हणाली आणि चहा सांगितला.

मला राग आला होता. मी इतकी वर्षं शिकले, आणि इंग्रजीचा एक शब्द न कळणारी बाई मला नापास करते. राळेगावच्या बसमध्ये मी तासभर तिच्याशी बोलले नाही. तिला त्याचं काहीच नव्हतं. ती कळंबपर्यंत झोपली आणि मग उठून संत्री सोलायला लागली.

राळेगावजवळ माझी मावशी राहते. स्टँडवरून तिच्या गावाला शेअर ऑटो मिळते, भरेपर्यंत थांबायची तयारी ठेवा. संध्याकाळी पोचलो तेव्हा तिच्या पडवीत कापसाचा ढीग लागलेला होता आणि घरभर त्या कापसाची ऊब होती. जेवायला ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी. एवढं जेवल्यावर इंग्रजीच काय, मराठीही सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीसोबत शेतात गेलो. कापसाची मुख्य वेचणी झाल्यावर झाडांना पाणी देऊन पुन्हा जो कापूस घेतात त्याला फरदड म्हणतात. मावशीच्या एका तुकड्यात तोच शेवटचा, बारीक बोंडांचा कापूस होता. बांधावर आई बसली, मावशी वेचत राहिली आणि माझी दोन मिनिटं सुरू झाली. फरदडीला इंग्रजीत काय म्हणतात हे मला माहीत नव्हतं. थांबले. मग सांगितलं की झाड एकदा देऊन दमलेलं असतं, पण पाणी दिलं तर पुन्हा थोडं देतं, आधीपेक्षा कमी आणि आखूड धाग्याचं. हे वाक्य कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं. ते मोडकंतोडकं होतं, आणि बोलताना मी त्या झाडाकडे पाहत होते. मला स्वतःचाच आवाज ओळखीचा वाटला. मग मोह झाला आणि शेवटी सूर्यप्रकाशाचं काहीतरी जोडलं.

"अर्धं खरं होतं," आई म्हणाली. "शेवटी ते ब्रेथटेकिंग आलं."

"तुले कसं समजलं?"

"घरी रोज सकाळी आरशासमोर बोलतेस. माह्याच कानात बसलं आहे ते."

मावशी कमरेवर हात ठेवून हसत सुटली. मीही हसले. कालचा राग तिथेच बांधावर गेला.

तिसऱ्या दिवशीचा प्रवास लांबचा. राळेगावहून वडकी, मग मोठ्या हायवेने पांढरकवडा आणि तिथून झरीची बस. पांढरकवड्याला आम्हाला दोन तास बस मिळाली नाही, तुम्ही जाणार असाल तर सकाळचीच गाठा. झाडाखाली बसून आम्ही उरलेली संत्री संपवली. आईने शेजारच्या बाईशी इतक्या गप्पा मारल्या की त्यांच्या सुनेच्या बाळंतपणापर्यंत सगळं मला कळलं.

झरीच्या वाटेवर मात्र मला बोलावंसंच वाटेना. दोन्ही बाजूंना सागाची पानं गळालेली, उन्हं तिरपी आणि बस इतकी सावकाश की झाडंच आपल्याजवळून चालत जात आहेत असं वाटावं. मी काचेला डोकं टेकवलं आणि तिकडे निघून गेले. आयर्लंडमधली एक भाड्याची खोली, मी तिचा फोटोसुद्धा पाहिलेला नाही, पण मला ती स्पष्ट दिसते. खिडकीशी टेबल, बाहेर बारीक पाऊस, मी ड्युटीवरून येऊन चहा ठेवते आणि शेजारणीशी इंग्रजीत बोलते, न अडखळता. त्या खोलीत मी कितीतरी वेळ राहिले. कंडक्टरने आवाज दिला तेव्हा जड मनाने उतरले.

झरीच्या पुढच्या एका पाड्यावर आईची मैत्रीण ताराबाई राहतात. दोघींची अंगणवाडीची ट्रेनिंग एकत्र झाली होती. ताराबाई कोलाम आदिवासी. घरात कोलामी, आमच्याशी मराठी, आणि पैनगंगेपलीकडच्या बाजारात तेलुगू. आम्ही आलो तेव्हा त्या दारात तेलंगणातल्या भांडेवाल्याशी हुज्जत घालत होत्या. एका वाक्यात तिन्ही भाषा आल्या आणि भांडं पाहिजे त्या भावात मिळालं.

"तेलुगू कुठं शिकल्या, ताराबाई?" मी विचारलं.

"शिकली कुठं? बोलली."

"अन् चुकलं तर?"

"चुकलं तं समोरचा सांगते नं. नाही सांगतलं तं त्याले समजलं." त्यांनी मला पाण्याचा तांब्या दिला. "तू कायले भेतेस? तुले कोणी मारते काय?"

कोणी मारत नाही. हे इतकं साधं उत्तर मला तोवर कोणी दिलेलं नव्हतं. जेवताना तुरीचं वरण, भाकर आणि जवसाची चटणी होती. राहण्याचे पैसे विचारायची सोय नव्हती, आईने आणलेलं लुगडं त्यांनी कसंबसं घेतलं. तुम्ही गेलात तर झरीत लॉजच्या भरवशावर राहू नका, पांढरकवड्याला मुक्काम करून दिवसा जाऊन या.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी पैनगंगेवर गेलो, पायी अर्धा तास. पात्रात पाणी कमी होतं, दगडांमधून वाट काढत चाललेलं. पलीकडे तेलंगणा, दिसायला अगदी आपल्यासारखाच. कोणीतरी तिकडे बैल धूत होतं. आई एका दगडावर बसली, पाय पाण्यात सोडले आणि म्हणाली, "बोल."

मी नदीपासूनच सुरुवात केली. पाण्याचा रंग, दगड, बैल. मग आपसूक वाक्य आलं, मी इथे माझ्या आईसोबत आले आहे. आणि त्यापुढे मला थांबता येईना. मी इंग्रजीत सांगत गेले की ही बाई मला गावोगाव फिरवून तिला सोडून जायचं शिकवते आहे. माझं बोलणं जितकं सुधारतं तितकी ती एकटी पडत जाते, हे तिला माहीत आहे आणि मलाही, पण आम्ही दोघी त्यावर बोलत नाही. मी गेल्यावर ती कोणाला नापास करेल? बीपीची गोळी चुकली तर कोण ओरडेल? काल बसमध्ये मी तिकडच्या खोलीत राहून आले, खूप सुखात होते, आणि त्या खोलीत आई नव्हती. एकदाही आठवली नाही. मला त्याची लाज वाटते. तरी मला जायचंय, खूप जायचंय.

व्याकरण किती चुकलं देव जाणे. मी पूर्ण वेळ पाण्याकडे पाहत होते.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं."

"किती मिनिटं?"

मोबाईल पाहिला तर सहा झाली होती.

"हे पाठ नव्हतं," आई म्हणाली. काय बोललीस ते तिने विचारलं नाही. पाण्याने तोंड धुतलं, पदराने पुसलं आणि उठली. "चाल. ताराबाई जेवायची थांबली असन." परतीच्या वाटेवर ती पुढे चालत होती, नेहमीपेक्षा भरभर.

एप्रिलच्या सुरुवातीला नागपूरला पुन्हा परीक्षा झाली. कार्ड आलं, 'तुम्हाला वाट पाहावी लागली असा एखादा प्रसंग.' मी पांढरकवड्याचं झाड सांगितलं, न येणारी बस, आणि अनोळखी बाईच्या सुनेचं बाळंतपण. परीक्षकांनी विचारलं, तेवढ्या वेळात खाल्लं काय? मी म्हटलं, संत्री, सर, आणि शेवटची दोन आंबट निघाली. ते हसले. मी दोनदा अडखळले, एकदा चुकीचा काळ वापरला, तो स्वतःच दुरुस्त केला. पास झाले. आता कागदपत्रांची धावपळ सुरू आहे. दिवाळीच्या आत जावं लागेल असं दिसतंय.

मेसेज करून अनेक जणी विचारतात की बोलायची भीती कशी गेली, कुठला क्लास लावला. भीती पूर्ण गेलेली नाही. पण क्लासच्या एका महिन्याच्या फीपेक्षा कमी खर्चात आम्ही चार दिवस फिरलो, आणि आता बोलायला उभी राहिले की माझ्याकडे सांगण्यासारखं असतं. शब्द सापडला नाही तर फरदडीसारखं वळण घेऊन सांगते. समुद्र पाहायचा राहिलाय, तो तिकडे गेल्यावर पाहीन आणि मगच त्यावर बोलेन.

गेल्या रविवारी दुपारी आई ताटात गहू निवडत बसली होती. मी शेजारी फॉर्म भरत होते. वर न पाहता ती म्हणाली, "त्या नदीवर बोलली होती ते आता मराठीत सांग."

पेन खाली ठेवलं आणि सांगितलं. खोलीचं सांगितलं, लाजेचं सांगितलं, तरी जायचंय तेही सांगितलं. इंग्रजीत सहा मिनिटं लागली होती, मराठीत दोनही लागली नाहीत, कारण मध्येच मला रडू आलं. आईने दोन खडे वेचून बाजूला टाकले.

मग म्हणाली, "बरं झालं तवा इंग्रजीत बोलली. मराठीत बोलली असती तं मी तुले जाऊ देलं नसतं."