चोक काढलेली पट्टी

द्वारका चौकाजवळ वाल्मीकअण्णांचं दुकान म्हणजे एक शटर, एक टेबल आणि ट्यूबलाइटच्या जुन्या चोकांचा ढीग. चाळीस वर्षं या माणसाने ट्यूबच दुरुस्त केल्या. कुठल्या ट्यूबला कुठला चोक चालेल, ते अण्णा चोक नुसता हातात तोलून सांगत. चांगली वस्तू टाकायची नाही, हा त्यांचा भारी हट्ट. त्यांची बायको छाया म्हणायची, आमच्याकडे मेलेल्या ट्यूबलासुद्धा पेन्शन आहे.

गेल्या वर्षी अण्णांनी ओझरच्या एका बालवाडीत एलईडी ट्यूब बसवल्या. त्यांना चोक लागत नाही, म्हणून ट्यूब बसते त्या जुन्या पट्ट्यांतले चोक काढले आणि वायर थेट जोडली. स्टार्टर मात्र तसेच राहू दिले, कारण मोकळ्या भोकातून पाली शिरतात. उतरवलेल्या काचेच्या ट्यूब त्यांनी तिथल्या शिक्षिका प्रतिभाबाईंच्या हातात दिल्या आणि म्हणाले, "चांगल्या आहेत, जपून ठेवा. कधीतरी लागतील."

परवा सकाळी प्रतिभाबाईंचा फोन आला. एक एलईडी गेली होती, आणि बाईंनी अण्णांना त्रास नको म्हणून जपून ठेवलेली ट्यूब स्वतःच स्टुलावर चढून लावली होती. लाईट गेलीये, बटण चालूच ठेवलंय, आली की कळेलच, असं कौतुकाने सांगून त्यांनी फोन ठेवला.

अण्णा ताडकन उठले. काचेच्या ट्यूबला वीज बेताने देतो तो चोक, आणि त्या पट्टीतला चोक तर इथे टेबलाखाली पडला होता; ट्यूब पेटवणारा स्टार्टर मात्र पट्टीतच होता. लाईट आली की सगळी वीज थेट ट्यूबमध्ये जाणार, काच फुटणार, आणि खाली सतरंजीवर लेकरं बसलेली. त्यांनी लगेच फोन लावला. बाई वर्गात फोन गप्प करून ठेवत. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

शटर उघडं टाकून अण्णांनी स्कूटर काढली. हायवेला लागून त्यांनी ओझरची वाट धरली. वाटेत एका हॉटेलचा पंखा फिरताना दिसला आणि त्यांनी स्कूटरचा वेग वाढवला. लाईट आली की काय? तो इन्व्हर्टर असेल, असं ते स्वतःलाच सांगत राहिले. ट्यूब जपून ठेवायला आपण सांगितलं, बाईंनी ऐकलं. मग चूक कुणाची?

बालवाडीत अंधुक उजेडात मुलं गाणं म्हणत होती. अण्णा कुणाशी न बोलता आत गेले आणि मेन स्विच खाली ओढला. मग स्टुलावर चढून ट्यूब काढली, स्टार्टरही काढला. ते खाली उतरतात न उतरतात तोच शेजारच्या घरातला मिक्सर घरघरला.

"काय झालं अण्णा? आता लाईट आली असती की," प्रतिभाबाई म्हणाल्या.

अण्णा सतरंजीच्या कडेला बसले. काय झालं असतं, ते त्यांनी बाईंना हळू आवाजात सांगितलं. चूक माझी, असंही म्हणाले. बाईंनी पाणी आणून दिलं, ते अण्णांनी बाजूला ठेवलं. गेल्या तीन वर्षांत त्यांनी कितीतरी घरांतले चोक काढले होते आणि प्रत्येक घरी निघताना तेच सांगितलं होतं, जपून ठेवा, लागतील.

त्यांनी खिशातून फोन काढला आणि चांदवडच्या लंकाबाईंचा नंबर लावला. तिच्याकडचेही चोक त्यांनीच काढले होते, आणि म्हातारी घरात एकटीच असते. रिंग वाजत राहिली, कुणी उचललं नाही.