सतरा नंबरची बाटली

ग्राहक धोरणावर अभ्यास करणाऱ्या धुळ्यातल्या एका छोट्या संस्थेत वाल्मीक नऊ वर्षं पाहणीचं काम करत होता. नफ्यातोट्याशी संस्थेला देणंघेणं नाही. दुकानांतून माल विकत आणायचा, तपासून घ्यायचा आणि नियम कसे हवेत ते सरकारला लिहून कळवायचं. यंदा सुट्या शेंगदाणा तेलाची पाळी होती. गावं चिठ्ठ्या टाकून निवडत. वाल्मीकच्या वाट्याला आलेल्या गावांत सोनगीरपलीकडचं एक खेडं होतं. तिथे तेलाचा घाणा एकच, आणि तो त्याच्या मेहुण्याचा, जीवरामचा.

फॉर्मवर रकाना होता : दुकानदाराशी नाते आहे का? ‘आहे’ लिहिलं असतं तर दुसरा कुणी गेला असता. पण ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर तीस वर्षं वाल्मीकने तेच तेल घेतलं होतं. अहवालात एक तरी घाणा चोख निघेल आणि तो आपल्या माणसाचा असेल, या हौसेपायी त्याने ‘नाही’ लिहिलं.

त्या घाण्यावरच्या तेलाच्या बाटलीला सतरा नंबर पडला. महिन्याने निकाल आला. पामतेलाची भेसळ.

संस्थेच्या प्रमुख संघमित्राताईंनी कागद पुढे सरकवला. “वाल्मीकभाऊ, सही करा. दुकानाचं नाव येत नाही, फक्त गावाचं येतं.”

“ताई, त्या गावात घाणाच एक शे,” त्याच्या तोंडून घरची बोली निसटली.

“मग? तुमचं कुणी आहे का तिथं?”

खरं सांगावं, तर फॉर्मवरच्या खोट्यापायी त्याने आणलेले एकेचाळीस नमुने बाद होणार, अहवालच बसणार. “नाही,” तो म्हणाला आणि सही केली.

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठ दिवस आधी गावाचं नाव पेपरात आलं, आणि पाहणीवर सही करणारा म्हणून वाल्मीकचंही. घाण्याकडे गिऱ्हाईक फिरकेना. जीवरामची बायको, वाल्मीकची बहीण केसरअक्का, सणाला दरवर्षी माहेरी यायची. वाल्मीकने तिच्यासाठी रीतीप्रमाणे निंबाला झोका बांधला.

अक्का आली. हातात तेलाचा डबा.

“तुना दाजींनी धाडं,” ती म्हणाली. “म्हणे, हाई बी तपासी ले.”

अक्काने पदर खोचला, त्याच तेलात सांजोऱ्या तळल्या आणि पहिली त्याच्या ताटात टाकली. तो सांजोरीकडे नुसता बघत राहिला. तेल कसं आहे, हे विचारण्याचं तोंड त्याने सहीबरोबरच गमावलं होतं.

“खाय ना भाऊ. सहीबिगर घास उतरत नही का?”

त्याने तुकडा मोडला.

“कशी लागनी?”

“चांगली शे, अक्का.”

अक्काने न विचारता दुसरी वाढली.