पेंढा भरलेले कावळे

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. जिला सांगायलाच हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी जीभ थोडी सैल होते — नाही तर इतक्या वर्षांत झाली नसती का? थकलो आता. गप्प राहण्याचाही शीण येतो, हे म्हातारपणी कळलं.

गोष्ट कावळ्यांची आहे. हसू नका. मीही पुष्कळ दिवस ती हसण्यावारी नेली.

गिरणेकाठी आमचं शेत. थोरला भाऊ आप्पा आणि मी, दोघं मिळून करायचो. आप्पाला दोन मुली, मुलगा नाही. पहिली जर्मन लढाई संपून चार-पाच वर्षं झाली असतील. त्या साली नदीलगतच्या तुकड्यात आम्ही भुईमूग पेरला आणि कावळ्यांनी उच्छाद मांडला. कोंब वर आला की चोचीनं उपटायचा, खालचा दाणा खायचा, पुढच्या कोंबाकडे जायचं — ओळीनं, मजूर लावल्यासारखं. बुजगावण्याच्या डोक्यावर बसून तर खुशाल ओरडायचे.

पाटलांकडून ठासणीची बंदूक मागून आणली. पहिल्या दिवशी तीन पडले. दुसऱ्या दिवसापासून बंदूक दिसली की सगळे पसार. काठी घेऊन गेलो तर ढिम्म हलायचे नाहीत. मग मी डोकं चालवलं. त्या डोक्याचा तेव्हा मला अभिमान वाटला होता, हेही सांगून टाकतो. मारलेले तीन कावळे आतून साफ करून त्यांत पेंढा भरला, पायांत काटक्या खुपसल्या आणि मान खाली घालून खात असल्यासारखे ते जमिनीत रोवले. आपलं माणूस निवांत खाताना दिसलं की वरचे खाली उतरतात, एवढा साधा हिशेब.

पण शेतात ते उतरेनात. शेताची त्यांना धास्ती बसली होती. मग कुठे उतरतील? — जिथं माणसावर त्यांचा भरवसा होता, तिथं. आमच्या बांधापलीकडे नदीकाठी गावाची दहाव्याची जागा होती. तिथं माणसं हात जोडून कावळ्यांना बोलावतात, पिंडाचा भात घालतात. मी तिथल्या दगडावर भाताचे तीन गोळे ठेवले, भोवती पेंढ्याचे कावळे मांडले आणि बाभळीआड बसून दहाव्याला देतात तशी हाक दिली. आले. भरवशानं आले, आणि मी बार काढला. चार-पाच दिवस मी हेच केलं, आणि भुईमूग वाचला.

आप्पा तेव्हा घरात तापानं पडलेला. त्याच्या खाटेशी बसून मी हा पराक्रम फुशारकीनं सांगितला. त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "तठे नको मारू रे." मी बरं म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

आप्पाचा ताप उतरलाच नाही. वैद्यानं ताक बंद केलं होतं. आप्पा ताक मागायचा आणि वहिनी रडत रडत नाही म्हणायची. मी स्वतः पाहिलंय. वैद्याचा शब्द तिनं मोडला नाही, एवढंच तिनं केलं. एका सकाळी आप्पा गेला.

मुलगा नव्हता, म्हणून दहाव्याला पिंड मी ठेवले. त्याच दगडावर — दुसरा दगडच नव्हता तिथं. बाभळ कावळ्यांनी भरलेली. सगळे भाताकडे बघत होते, माझ्याकडे बघत होते, आणि एकही खाली येत नव्हता. डोक्याचा गोटा केला होता, तरी त्यांनी मला ओळखलं. मला तसं नुसतं वाटलं, असं आता म्हणू का? नाही. मला माहीत होतं.

पिंडाला कावळा शिवला नाही की मेलेल्याची काही इच्छा राहिली, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मी हात जोडून म्हणालो, आप्पा, पोरींची लग्नं मी करीन. वहिनीला अंतर देणार नाही. चुलते काही बोलले, मामा काही बोलले. ऊन चढलं. बायका थोड्या अंतरावर बसल्या होत्या. त्यांतून आमची आत्या उठली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मरता मरता ताक मांगे तो. इनी दिधं नही. मंग कावया कसा येई?"

कुणीतरी धावत जाऊन घरून ताकाची वाटी आणली. वहिनीनं ती पिंडाशेजारी ठेवली. "मन्हं चुकनं," ती पिंडाकडे बघत आप्पाला म्हणाली. "आते तरी पी ल्या ना."

मला काय करायचं होतं? एक वाक्य बोलायचं होतं. तेही नको — काही निमित्त काढून नदीच्या वळणाआड जाऊन बसायचं होतं, कदाचित तेवढ्यानं ते उतरले असते. मी हललो नाही. सख्ख्या भावाचा पिंड यानंच अडवला, असं गाव म्हणेल — ही भीती. तिला काय म्हणतील, याची नव्हती. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

वहिनीनं त्या दिवसापासून ताक सोडलं. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांचा घास अंगणात ठेवताना ती शेजारी ताकाची वाटी ठेवायची. कावळा यायचा, भात उचलून उडून जायचा. ताक तसंच राहायचं. ती वाटीकडे बघत बसायची आणि मी ओसरीवर पान लावत बसायचो. वीस वर्षांहून जास्त.

आणि याहून वाईट आहे ते — तिचं खाली मान घालून राहणं मला सोयीचं पडलं. आप्पाच्या वाट्याच्या जमिनीबद्दल तिनं कधी तोंड उघडलं नाही. मला काय अधिकार, म्हणायची. पोरींची लग्नं मी केली, तेव्हा दीर असावा तर असा, असं लोक म्हणाले. मी ऐकून घेतलं.

गेल्या पौषात वहिनी शेवटच्या अंथरुणाला खिळली. एका दुपारी तिच्याजवळ मी एकटाच होतो. तिनं माझा हात धरून आप्पाबद्दल विचारलं. "भाऊजी, आते तरी त्या मन्हा हातनं ताक पितीन ना?"

दार लोटलेलं होतं. ऐकायला कुणी नव्हतं. गाव नव्हतं, आत्या केव्हाच गेली होती. त्यावेळीही मी बोललो नाही. नुसता गप्प राहिलो असतो, तरी एक वेळ चाललं असतं.

मी म्हणालो, "पितीन, वहिनी. आप्पानी तुमले माफ करेल शे."

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला, आणि तिनं मला हात जोडले.