मुळशीच्या खाचरात जपानी हाळी

पौडला एस.टी. थांबली तेव्हा इवातासानांनी ('सान' म्हणजे आपलं 'राव') खिशातून एक पाकीट काढलं आणि वहीत पेन्सिलीनं लिहिलं, 'पोस्ट कुठे?'

"पुण्यात टाकू," मी म्हणालो. आत काय होतं ते मला ठाऊक होतं. तोक्योच्या टेलिव्हिजनवर दाखवायच्या एका परदेशी चित्रपटात नायकाला जपानी आवाज देण्याचं काम त्यांना आलं होतं, त्याला हा नकार होता.

वीस वर्षं या माणसानं रंगभूमीवर म्हातारे केले. सिनेमात पहिल्या दहा मिनिटांत मेला. मग रेडिओवर गेला नि नाव झालं! चेहरा कुणी ओळखत नसे, पण आवाज ऐकून भाजीवाली मागे वळून बघे. आणि नेमकी घशाचीच शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितलेलं तीन महिन्यांचं मौन संपून पंधरवडा झाला, तरी गृहस्थ बोलेना. आवाज फुटका निघाला तर? पुण्यात जपानी जाणणारे बोटांवर मोजण्याइतके, म्हणून जपानी नाटकमंडळींबरोबर आलेला हा पाहुणा माझ्या गळ्यात पडलेला. खरं सांगतो, मी वैतागलो होतो.

मुळशीचं पाणी दिसलं आणि वैताग कुठल्या कुठे पळाला. निळंशार धरण, पलीकडे डोंगर, अलीकडे भात काढलेली खाचरं. एका खाचरात धनगर जोडपं उतरलं होतं. खतासाठी शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात. त्यातल्या मावशींनी आम्हाला हाक मारून बसवलं, नाचणीची भाकरी आणि खर्डा (मिरचीचा ठेचा) दिला. इवातासानांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहिलं, तरी त्यांनी खुणेनं दुसरी भाकरी मागितली.

"पाव्हणं मुकं हायेत व्हय?"

"नाही मावशी, भित्रे आहेत."

तेवढ्यात मावशी ओरडल्या, "आगं बया! हरभऱ्यात शिरली की मेंढरं!"

त्यांचे मालक धोंडिबा काठी उंचावून उभे राहिले, तोंड उघडलं, पण नुसती हवा आली. सर्दीनं घसा पार बसलेला. "माजी हाळी (हाक) न्हाई ऐकत मेली," मावशी म्हणाल्या, "ह्यांचीच लागतीया."

इवातासान ताडकन उठले. धोंडिबांना त्यांनी कानाशी तीनदा ती घोगरी हाळी घालायला लावली, ओठ न्याहाळले, आणि त्यांच्या पाठीमागे दडून बसले. मी चाटच पडलो. स्टुडिओतलं काम ते खाचरात करणार होते!

धोंडिबांनी तोंड उघडलं. मागून आवाज आला तो चिरका. मेंढरांनी माना वर केल्या आणि पुन्हा हरभऱ्यात घातल्या. इवातासान पांढरेफटक पडले. मला फार वाईट वाटलं. मावशींना मुळीच नाही.

"मदीच सोडू नगा! प्वाटातनं काडा, शेवटाला वर उचला!"

मी भाषांतर केलं. त्यांनी डोळे मिटले, श्वास भरला.

"हुर्रर्र... होऽऽ होऽऽ!"

पलीकडच्या डोंगरावरून हाळी परत आली. आणि मेंढरं निघाली! धूळ उडवत, एकमेकांना ढकलत, थेट धोंडिबांकडे. धोंडिबांनी तोंड मिटलं तरी हाळी चालूच, तेव्हा त्यांनी दचकून स्वतःचा गळा चाचपला. आम्ही पोट धरधरून हसलो.

"ह्यांचाच आवाज, लई झ्याक!" मावशी म्हणाल्या.

निघताना त्यांनी भाजलेला हुळा (ओला हरभरा) पुढे केला. बांधायला काही नव्हतं. इवातासानांनी खिशातलं पाकीट फोडलं, पत्र काढलं आणि त्याचा पुडा केला.

परतीच्या एस.टी.त ते पुण्यापर्यंत अखंड बोलत होते. माझे कान किटले. पण पुडा माझ्या हातात होता, आणि काजळीनं काळ्या झालेल्या त्या नकारातून एकेक दाणा काढून मी मजेत खात होतो.