बाबांना पडणारा बर्फ दाखवायला गेलो तेव्हा

मंगळवारी बाबांचं नागपूरला परतीचं विमान होतं आणि या हिवाळ्यात आमच्या हर्नडनमध्ये बर्फाचा पत्ता नव्हता. अमेरिकेत येताना त्यांनी एकच मागणं मागितलं होतं : आभाळातून पडणारा बर्फ अंगावर घ्यायचा. रोज सकाळी पडदा सारून बघायचे आणि मग चहाकडे वळायचे. शेवटी शनिवारी आम्ही डोंगरातल्या एका लहानशा स्की हिलची वाट धरली. बाबा, मी आणि माझी दहा वर्षांची ईरा.

सिक्स्टी-सिक्स हायवेने पश्चिमेला, मग एटी-वनने दक्षिणेला, साधारण दोन तास. शेवटच्या वळणांवर फोनला रेंज नसते, गॅस, म्हणजे पेट्रोल, आधीच भरा. स्की करणार असाल तर तिकीट ऑनलाइन काढा, नुसतं बघायला पैसे पडत नाहीत. तिथला पिझ्झा महाग आणि वर गारढोण. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या, सुज्ञांनी तेच करावं.

डोंगर सगळा तपकिरी, मधोमध एकच पांढरी पट्टी. गवंडी चुन्याचा एक हात मारून जेवायला निघून गेल्यासारखी. बाबांनी बुटाने तो बर्फ टोकरून पाहिला. पाणीपुरवठा खात्यात जन्म गेलेला माणूस, पहिला प्रश्न हाच की पाणी कुठलं. लिफ्टवरच्या दाढीवाल्या माणसाने हौसेने सांगितलं : खालच्या तळ्याचं. पंपाने वर चढवायचं, थंडी पुरेशी पडली की दाबाच्या हवेबरोबर फवारायचं. आभाळातला बर्फ मऊ, पण एका पावसात वाहून जातो. हा घट्ट, टिकतो. हा नसता तर टेकडी केव्हाच बंद पडली असती. बाबांना हे पटलं. मग त्यांनी विचारलं, आपोआप कधी पडेल? या आठवड्यात तरी नाही, तो म्हणाला.

संध्याकाळी गारठा वाढला आणि तिकिटांच्या इमारतीमागची बर्फ फवारणारी यंत्रं सुरू झाली. आम्ही पार्किंगमध्ये पोचतो तोच वारा फिरला, पांढरे कण उडत आले आणि बाबांच्या स्वेटरवर बसले. बाबा थांबले.

"पडतोय का गं?"

"हो बाबा, पडतोय."

ईराने तोंड उघडलं. समोरच्याची चूक दुरुस्त केल्याशिवाय तिला चैन पडत नाही. मी तिचा हात दाबला.

"येस आबा, इट्स स्नोइंग," ती म्हणाली.

बाबांनी माकडटोपी काढली आणि मान वर करून उभे राहिले. मी फोटो काढले. खोटं बोलल्याची लाज वाटत होती आणि आनंदही होत होता.

मंगळवारी घराजवळच्या डलस विमानतळावर ईरा पाणी भरायला गेली, तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "तो बर्फ तळ्यातलाच होता."

"तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही दोघी किती खूश झाला होतात. ईराला सांगू नकोस."

 घरी गॅरेजमध्ये गाडी लावल्यावर ईराने विचारलं, "आई, आबांना कळलं नाही ना?"

"नाही कळलं," मी म्हणाले.