काकांची बाग आणि धाक

आमच्या शेजारच्या काकांएवढा तत्त्वाचा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात नाही, आणि तत्त्वापायी एवढं नुकसान करून घेणाराही नाही! काकांचं म्हणणं एकच: भिऊन नीट चालतो तो बैल, माणूस नव्हे. एरवी गाडीवर हेल्मेट घालणारे काका मांजरसुंब्याच्या चौकात पोलीस दिसला की ते काढायचे! "पावती फाडा साहेब, पण मी तुमच्या भेवानं घालतो असं वाटू नये." बाकीच्यांच्या सीताफळांना काटेरी कुंपण, वर कुत्रं. काकांच्या बागेला फक्त पाटी: 'चोरी चूक आहे. विचार करा.' लोक थांबून वाचायचे, खरंच विचार करायचे, आणि मग पिशवी भरायचे.

मग गल्लीतल्या विष्णूनं काकांच्या विहिरीवरची मोटारच उचलली. मोटारीसकट सापडला. गावानं ठरवलं, चौकात त्याचा फ्लेक्स लावायचा, म्हणजे बाकीच्यांना धाक! फ्लेक्सवाल्याचा हात वाढदिवसांना सरावलेला. विष्णूच्या फोटोवर 'चोर' लिहिलं, पण भोवतीचे गुलाब आणि खालचं 'शुभेच्छुक : समस्त ग्रामस्थ' तसंच राहिलं! आम्ही हसून लोळलो. तेवढ्यात विष्णूची पोरगी शाळेला जाताना तिथून गेली, तोंडापुढं दप्तर धरून. काकांनी ते पाहिलं आणि सरळ फ्लेक्स उतरवायला लागले.

सरपंच धावले. "अवो काका, तुमचीच मोटार गेलती ना? एकाला टांगलं की धा जण सुधरतेत!"

"मंग ते बुजगावणं झालं की! विष्णू माणूस हाय. त्यानं केलं तेवढं त्याला भरू द्या. धा जणांचं वझं त्याच्याच मानगुटीवर कावून?"

बाजूलाच उभ्या विष्णूला वाटलं, सुटलो. कसलं काय! काका वळून म्हणाले, "तू सुटला न्हाईस बे. मोटार बसव, आन् यंदा बागेला पाणी तूच द्यायचं."

"आन् माझ्यावर लक्ष कोन ठेवनार?"

"तूच."

आता गुडघ्यांपायी काका मुलाकडं संभाजीनगरला असतात. मुलानं विहिरीवर कॅमेरा बसवलाय. परवा गेलो तर कॅमेऱ्यावर फडकं, आणि विष्णू झाडांना पाणी देतोय. त्याची शिक्षा तर कधीच संपलेली!

"विष्णूदादा, चोरानंच कॅमेरा झाकला म्हणतील की लोक!"

"म्हनू दी. तो चालू असला की मला कळत न्हाई, मी भेवानं येतो का मनानं."

हे काकांना आत्ताच्या आत्ता दाखवायचं म्हणून मी व्हिडिओ कॉल लावायला फोन काढला. मग म्हटलं, हाही कॅमेराच की. फोन खिशात टाकला. पाटीवरची अक्षरं पार पुसत आलीत. पण त्या बाजूची सीताफळं यंदा तशीच झाडावर होती.